भारतातलं शूटिंग अमेरिकेतल्या डीव्हीडी प्लेअरवर: पालचं एनटीएससी कसं करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात २००६ साली आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं शूटिंग मिनीडीव्ही टेपवर झालं. दुपारचा समारंभ आणि संध्याकाळची गाण्याची बैठक, प्रत्येकी साधारण दीड तास. त्या वेळी करून घेतलेली डीव्हीडी न्यू जर्सीत एडिसनला आत्याकडे लागत नाही, प्लेअर नुसता एरर दाखवतो. घरी सॉफ्टवेअरमध्ये ‘एनटीएससी’ (अमेरिकेतलं टीव्हीचं मानक; आपलं ‘पाल’) निवडून पुन्हा बर्न केली. ती लागली, पण माणसं झटके खात चालतात आणि हात हलला की त्याच्या कडेला आडव्या रेघा फुटतात. टेपा अजून घरात आहेत. आता काय करावं, असं विचारलं आहे.

टेपा आहेत हे फार चांगलं. डीव्हीडीवरून डीव्हीडी करण्याचा विचार आधी सोडून द्या.

सुरुवातीला एक घोळ मिटवतो, कारण दर दुसरा माणूस यातच अडकतो. रीजन कोड वेगळा आणि टीव्हीचं मानक वेगळं. रीजन ही कंपन्यांनी बाजारपेठ वाटून घेण्यासाठी घातलेली कुलपं आहेत: अमेरिका आणि कॅनडा १, युरोप आणि जपान २, भारत ५. घरी किंवा स्टुडिओत बर्न केलेल्या डिस्कवर सहसा कुठल्याच रीजनचं कुलूप नसतं, ती सगळीकडे खुली असते. म्हणजे आत्याच्या प्लेअरला तुमची डिस्क नको आहे ती रीजनमुळे नाही. त्याला त्यातलं चित्र वाचता येत नाही, किंवा वाचून टीव्हीकडे पाठवता येत नाही. जपानचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. रीजन युरोपचा, पण टीव्हीचं मानक अमेरिकेचं.

आता मानकात फरक काय? भारतात आणि ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आखाती देश, सिंगापूर अशा बऱ्याच ठिकाणी पाल: ६२५ ओळी, त्यांतल्या ५७६ चित्राच्या, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिका, कॅनडा, जपान, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स इथे एनटीएससी: ५२५ ओळी, त्यांतल्या ४८० कामाच्या, सेकंदाला २९.९७ फ्रेम. मुळात हे आकडे आले विजेवरून. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६०ची. जुन्या टीव्हीचं चित्र विजेच्या तालाशी जुळलेलं नसलं तर पडद्यावर पट्टे सरकत राहायचे, म्हणून सेकंदाला ५० किंवा ६० अर्धी चित्रं ठरली. अमेरिकेत आधी ३० फ्रेम बरोब्बर होत्या. १९५३ मध्ये रंग आला तेव्हा रंगाचा सिग्नल आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत मिसळून चित्रावर जाळी दिसू नये म्हणून हा वेग हजारात एक एवढा खाली आणला, आणि २९.९७ हे भूत आपल्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसलं. दूरदर्शन १९८२ मध्ये रंगीत झालं ते पालमध्ये, त्यामुळे आपल्याकडचे कॅमेरे, टेपा, व्हीसीआर, सगळंच ५० च्या घरचं.

खरं सांगायचं तर डीव्हीडीवर पालचा किंवा एनटीएससीचा रंग नसतोच. डिस्कवर निव्वळ डिजिटल चित्र असतं, रंगाचा सिग्नल प्लेअर बाहेर पाठवताना तयार करतो. म्हणूनच फ्रान्समध्ये टीव्ही सेकॅम या तिसऱ्याच पद्धतीचा होता तेव्हाही तिथली डीव्हीडी आपल्यासारखीच ५७६ ओळींची. आपण ‘पाल डीव्हीडी’ म्हणतो तेव्हा अर्थ एवढाच की ७२० बाय ५७६ आणि २५ फ्रेम. ‘एनटीएससी’ म्हणजे ७२० बाय ४८० आणि २९.९७.

दोन्हीकडे ७२० कसे, असं वाटेल. १९८० च्या सुमारास डिजिटल व्हिडिओचे नियम ठरवणाऱ्यांनी दोन्ही पद्धतींसाठी १३.५ मेगाहर्ट्झ हा एकच नमुना-वेग (सेकंदाला चित्राचे किती नमुने घ्यायचे तो) निवडला. पालची एक ओळ ८६४ नमुन्यांची, एनटीएससीची ८५८ ची, आणि त्यांना सेकंदातल्या एकूण ओळींनी गुणलं की दोन्हींचा गुणाकार तिथेच येतो. या एका निर्णयामुळे आडव्या दिशेला आपल्याला काहीच करावं लागत नाही. फक्त उभ्या दिशेला ५७६ च्या ४८० करायच्या. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर करतं.

अडचण सगळी वेळेची आहे. तुमच्या टेपवर सेकंदाला ५० क्षण टिपलेले आहेत आणि आत्याच्या टीव्हीला ५९.९४ हवेत. सेकंदाला जवळजवळ दहा क्षण असे, जे कॅमेऱ्याने कधी पाहिलेच नाहीत. ते कुठून आणायचे, हाच या कामातला मुख्य प्रश्न.

५० क्षण का म्हटलं? मिनीडीव्हीचं चित्र इंटरलेस्ड असतं. एक फ्रेम म्हणजे दोन फील्ड: एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम, आणि दोन्ही वेगवेगळ्या वेळी टिपलेल्या, पन्नासाव्या सेकंदाच्या अंतराने. तुमच्या सॉफ्टवेअरने काय केलं ते आता लक्षात येईल. त्याने दोन फील्ड एकत्र धरून सरळ ५७६ च्या ४८० केल्या. दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत कालवल्या गेल्या, म्हणून हाताच्या कडेला रेघा. आणि कमी पडलेल्या फ्रेम त्याने आधीच्याच पुन्हा दाखवून भरल्या, सेकंदाला पाच वेळा, म्हणून झटके. फक्त ‘एनटीएससी’चं बटण दाबलं की बहुतेक घरगुती सॉफ्टवेअरं हेच करतात.

काम सुरू करण्याआधी आत्याला एक फोन करा. तिच्या प्लेअरच्या मागे किंवा मेनूत ‘पाल’ असं कुठे दिसतं का? अमेरिकेत विकले जाणारे बरेच नामवंत कंपन्यांचे प्लेअर पाल घेत नाहीत, पण काही स्वस्त प्लेअर दोन्ही घेतात आणि आतल्या आत रूपांतरही करतात. तसा असेल तर जुनीच डिस्क चालेल. एवढंच की त्या प्लेअरचं रूपांतर सहसा धक्के देणारं असतं. ती कॉम्प्युटरवर बघणार असेल तरीही पाल डिस्क चालते, व्हीएलसी या प्लेअर-सॉफ्टवेअरला काही फरक पडत नाही. उलट दिशेने, म्हणजे अमेरिकेतून भारतात आलेल्या डिस्कला हात लावू नका. आपल्याकडचे जवळजवळ सगळे प्लेअर आणि टीव्ही एनटीएससी बिनतक्रार दाखवतात. दुबईच्या मावशीला किंवा लंडनच्या काकांना पाठवायची असेल तर तुमची मूळ पाल डिस्कच द्या.

आत्यासाठी मात्र नवी डिस्क लागणार असं धरून पुढे जातो.

टेप फायरवायरने (कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरला जाणाऱ्या डिजिटल वायरीने) कॅप्चर करा. तासाला साधारण १३ जीबी जागा लागेल, ती ठेवा. यात चित्र आणखी दाबलं जात नाही, टेपवरचे आकडे तसेच्या तसे फाइलमध्ये उतरतात. कॅमेऱ्याच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीने कॅप्चर करू नका. तसं केलंत तर चित्र एकदा अॅनालॉग होऊन पुन्हा डिजिटल होतं. कॅप्चर झाल्यावर आवाज तपासा. घरगुती कॅमेऱ्यांत अनेकदा १२ बिट, ३२ किलोहर्ट्झ हा पर्याय कारखान्यातूनच लावलेला असे. डीव्हीडीला ४८ लागतात. ३२ चे ४८ नीट करून घ्या, सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नका.

मग फील्डचा क्रम. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं. एचडीव्ही आणि बहुतेक एचडी कॅमेऱ्यांत वरचं आधी. क्रम उलटा धरला गेला तर हलणारी प्रत्येक वस्तू एक पाऊल पुढे, अर्धं मागे, पुन्हा पुढे असं करते. ओळखायची पद्धत सोपी आहे: फील्ड सुटी करा आणि एकेक पुढे ढकलत बघा. ओवाळणाऱ्या बाईचा हात डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच माघारी येत असेल तर क्रम चुकला आहे. हे पहिल्याच मिनिटात बघून घ्या. चुकीच्या क्रमावर पुढचं कितीही महागडं काम केलं तरी ते वाया.

आता ते दहा क्षण. तीन रस्ते आहेत.

पहिला म्हणजे आधीचंच फील्ड पुन्हा दाखवणं. हा सर्वांत सोपा आणि सर्वांत कुरूप. कॅमेरा आडवा फिरला की प्रत्येक धक्का मोजता येतो. दुसरा रस्ता म्हणजे शेजारच्या दोन क्षणांची सरमिसळ. यात धक्के जातात, पण हलत्या वस्तूला सावलीसारखी दुसरी कडा येते आणि चित्र जरा मऊ पडतं. तिसरा म्हणजे हालचाल ओळखून मधला क्षण नव्याने रचणं: सॉफ्टवेअर चित्राचे छोटे चौकोन करतं, प्रत्येक चौकोन पुढच्या क्षणात कुठे गेला ते शोधतं आणि त्याला मधल्या जागी ठेवून नवं चित्र बनवतं. मोठ्या वाहिन्यांकडे याच कामासाठी कपाटाएवढी यंत्रं असत. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकचं रंगीत चित्र युरोपात दाखवायला बीबीसीच्या इंजिनियरांनी क्वार्ट्झच्या विलंब-रेषा वापरून असं रूपांतर-यंत्र उभं केलं होतं; त्याआधी एका पद्धतीच्या पडद्यावर चित्र लावून दुसऱ्या पद्धतीच्या कॅमेऱ्याने ते पुन्हा टिपायचे. पुढे नव्वदच्या दशकात हालचाल ओळखणारी यंत्रं आली आणि आज तेच काम फुकटातल्या सॉफ्टवेअरवर घरच्या कॉम्प्युटरवर होतं, फक्त रात्रभर वेळ घेतं.

तिसरा रस्ता बहुतेक वेळा उत्तम. पण तुमच्या टेपवर तो फसणार असे काही प्रसंग हमखास आहेत. अक्षता उधळल्या की शेकडो दाणे वेगवेगळ्या दिशांना जातात, सॉफ्टवेअरला कुठला दाणा कुठला ते कळत नाही, आणि दाणे हवेतच विरतात, दुसरीकडे उगवतात, कधी आजोबांच्या गालाचा तुकडा त्यांच्याबरोबर ओढला जातो. फिरत्या पंख्याची पाती वितळल्यासारखी दिसतात. औक्षणाच्या ताटातल्या निरांजनांच्या ज्योती एकमेकींत मिसळतात. कॅमेऱ्याच्या फ्लॅशचंही तसंच. एका क्षणापुरतं सगळं पांढरं झालं की सॉफ्टवेअर गांगरतं आणि चेहऱ्यावर चौकोनी डाग उठतात. अशा जागा शोधून तेवढ्या तुकड्यापुरता दुसरा रस्ता, म्हणजे सरमिसळ, वापरायचा. दोन-दोन सेकंदांचे तुकडे असतात, बघणाऱ्याला बदल जाणवत नाही. मी स्वतः आधी पूर्ण टेप तिसऱ्या रस्त्याने काढतो, मग बसून बघतो आणि जिथे डोळा खटकतो तिथे तुकडे बदलतो. हे बघण्याचं काम कुठलंही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी करणार नाही.

एक चौथा रस्ताही काही जण सुचवतील: चित्राचा वेगच कमी करा. २५ फ्रेमचं चित्र २३.९७६ ने चालवायचं आणि मग सिनेमासारखं २९.९७ मध्ये बसवायचं. सिनेमांसाठी हे व्यवस्थित चालतं, कारण सिनेमा मुळात २४ फ्रेमचा. पालसाठी त्याला चार टक्के जास्त वेगाने पळवलेलं असतं, तो फक्त मूळ चालीवर येतो. तुमचं शूटिंग मात्र मूळचंच पन्नास क्षणांचं आहे. वेग कमी करायचा म्हणजे आधी अर्धे क्षण फेकून द्यायचे, हालचाल खडबडीत करून घ्यायची आणि वर सगळं संथ करायचं.

त्यातही गाण्याची बैठक! दीड तासाचं ध्वनिमुद्रण या पद्धतीने ९३ मिनिटं ५० सेकंदांचं होतं आणि सूर जवळजवळ पाऊण अर्धस्वर खाली उतरतो. गवयाने काळी एक धरली असेल तर आत्याच्या घरी तो पांढरी एकच्या जेमतेम वर गाणार. सूर जागेवर ठेवून फक्त लय ताणणारी साधनं आहेत, पण ती तंबोऱ्याच्या झंकारात खळखळ आणतात आणि तबल्याच्या चाटीची धार बोथट करतात. निवेदनाच्या आवाजाला हे चालून जातं. गाण्याच्या टेपला मी हे कधीच करत नाही. तिसऱ्या रस्त्यात आवाजाला हातच लावावा लागत नाही. चित्राचा एकूण वेळ तोच राहतो, फक्त त्यातले क्षण वाढतात.

आता प्रत्यक्ष काम. मी एव्हीसिंथ हे स्क्रिप्टवर चालणारं फुकटातलं सॉफ्टवेअर वापरतो. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून तोच सांगतो. आधी फील्ड उलगडून ५० पूर्ण चित्रं करायची. त्यासाठी क्यूटीजीएमसी या त्यातल्या स्क्रिप्टला तोड नाही. ते नुसत्या ओळी भरत नाही, आजूबाजूच्या क्षणांतून हरवलेली बारीक नक्षी परत आणतं. पैठणीच्या काठावर फरक लगेच दिसतो. मग एमव्हीटूल्स या प्लगइनमधल्या एमफ्लोएफपीएसने ५० चे ६०००० भागिले १००१ करायचे. हा अपूर्णांक असाच लिहा, ५९.९४ असा दशांश नको. चौकोन १६ चे, एकमेकांवर ८ चा चढाव, हे एसडी चित्राला बरं पडतं. मग ५७६ च्या ४८० करायच्या. शेवटी पुन्हा इंटरलेस करायचं: पहिल्या चित्रातल्या वरच्या फील्डच्या ओळी, दुसऱ्यातल्या खालच्या, आणि दोन्ही विणून एक फ्रेम. झालं २९.९७ इंटरलेस्ड. इथे तुम्ही वरचं फील्ड आधी घेतलंत तर एनकोडरलाही तेच सांगा. कोणताही क्रम चालतो, फक्त दोघांचं एकमत हवं.

एव्हीसिंथची भीती वाटत असेल तर एफएफएमपेग या दुसऱ्या फुकट साधनामध्ये बीडब्ल्यूडीआयएफ आणि मिंटरपोलेट हे दोन फिल्टर साधारण हेच करतात. मिंटरपोलेट फार संथ आहे आणि अक्षतांच्या बाबतीत जास्त गोंधळतं. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्येच करायचं असेल तर टाइमलाइन सेकंदाला ५९.९४ फ्रेमची ठेवा आणि ‘ऑप्टिकल फ्लो’ निवडा; न निवडल्यास बहुतेक सॉफ्टवेअरं मुकाट्याने सरमिसळ किंवा पुनरावृत्ती करतात. कट जिथे आहेत तिथे एकदा नजर टाका. कट ओळखला गेला नाही तर मामांचा चेहरा वितळून ताटातले लाडू होतात.

आकार बदलताना फार धारदार पद्धत घेऊ नका. इंटरलेस्ड चित्रात एकाच ओळीएवढी पातळ आडवी रेघ आली की ती दर दुसऱ्या फील्डमध्येच दिसते आणि लुकलुकते. आणि इथे मराठीची एक खास अडचण आहे, जी इंग्रजीतल्या कुठल्याच मार्गदर्शिकेत सापडणार नाही: शिरोरेषा. ‘सहस्रचंद्रदर्शन सोहळा’ असं लांबलचक शीर्षक म्हणजे पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग आडवी रेघ. पालमध्ये ती तीन ओळींची असेल तर ४८० मध्ये अडीच उरते, आणि त्या अर्ध्या ओळीपायी अख्खं शीर्षक थरथरतं. जुन्या शीर्षकांचं रूपांतर करू नका. शीर्षकं नसलेलं चित्र आधी बदलून घ्या आणि नवी शीर्षकं थेट एनटीएससीच्या टाइमलाइनवर टाका. जाड फॉन्ट घ्या, शिरोरेषा किमान चार ओळींची ठेवा, आणि वर एक हलका उभा ब्लर द्या. रफारावर आणि वेलांटीवरही तेवढंच लक्ष हवं. मॉनिटरवर ठसठशीत दिसलेली वेलांटी टीव्हीवर गायब झालेली पाहिली आहे. कडेपासून दहा टक्के जागा सोडा, आत्याकडे जुना खोक्याचा टीव्ही असला तर तो कडा गिळतो.

रंग आणि उजेडाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत काळा रंग साडेसात टक्के वर उचलावा लागतो असं जुनी मंडळी सांगतात. ते अॅनालॉग सिग्नलपुरतं खरं आहे आणि ते काम प्लेअर करतो. फाइलमध्ये ० ते २५५ च्या मापात काळा १६ वर आणि पांढरा २३५ वरच राहू द्या. तुम्ही उचललात तर तो दोनदा उचलला जाईल आणि रात्रीची बैठक धुक्यात झाल्यासारखी दिसेल.

आता एनकोडिंग. एमपेग-२, ७२० बाय ४८०, चित्र ४:३ आहे की १६:९ त्याचं चिन्ह बरोबर. फ्रेमचा गट (जीओपी, म्हणजे एकत्र दाबल्या जाणाऱ्या फ्रेम) एनटीएससीत १८ पर्यंत चालतो, पालमध्ये १५. साध्या डिस्कमध्ये ४.७ अब्ज बाइट मावतात. दीड तासाला भागलं तर सेकंदाला सात मेगाबिटच्या किंचित खाली येतं. म्हणून दोन डिस्क करा, समारंभाची एक आणि बैठकीची एक. तीन तास एकाच डिस्कमध्ये कोंबले तर एवढी मेहनत चौकोनांत जाईल.

आवाजाच्या बाबतीत दोन डिस्कना दोन न्याय लावीन. पाल डीव्हीडीत एमपेग आवाज चालतो, आणि आपल्याकडच्या कितीतरी लग्नाच्या डिस्कमध्ये तोच असे. एनटीएससी डिस्कमध्ये एसी-३ (डॉल्बीचा दाबलेला आवाज) किंवा पीसीएम (न दाबलेला) असायलाच हवा, नाहीतर चित्र दिसेल आणि आवाज मुका. समारंभाला एसी-३, २५६ किलोबिट पुरे. चित्राला सरासरी साडेसहा मेगाबिट मिळतील. बैठकीला मात्र न दाबलेला पीसीएम द्या. तो दीड मेगाबिट खातो, पण बैठकीत कॅमेरा तासन्‌तास एकाच जागी, गवई आणि साथीदार बसलेले, चित्राला पाच मेगाबिटही भरपूर. जे ऐकायचं आहे त्याला जागा द्या. कमाल बिटरेट आठच्या वर नेऊ नका. नियमाप्रमाणे चित्राला ९.८ चालतात, पण बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर त्या वेगाला दमतात.

मेनू विसरू नका. मेनूही एनटीएससीतच बनवावा लागतो. एका डीव्हीडीत दोन्ही मानकं नांदत नाहीत, आणि जुन्या प्रोजेक्टमधला पाल मेनू तसाच राहिला की ऑथरिंग (डीव्हीडी रचणारं) सॉफ्टवेअर एकतर अडतं किंवा गुपचूप त्याचा चुथडा करतं.

टेपा खराब निघाल्या तर? मग नाइलाजाने जुनी डीव्हीडी हाच मूळ. तिच्यातल्या व्हीओबी फाइली घ्या, फील्डचा क्रम पुन्हा तपासा (स्टुडिओने तो बदललेला असू शकतो), आणि उलगडण्याआधी चौकोन मऊ करणारा हलका फिल्टर लावा. बाकी रस्ता तोच.

ज्यांचं शूटिंग अलीकडचं आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. डीएसएलआरवर २५ प्रोग्रेसिव्हमध्ये केलेलं असेल तर त्यात ५० क्षण नाहीतच, २५ आहेत. तिथे नवे क्षण रचू नका. चित्र ४८० ओळींचं करून २५ फ्रेमवर एमपेग-२ बनवा आणि डीजीपुलडाऊन या छोट्या सॉफ्टवेअरने त्यात पुनरावृत्तीची चिन्हं घाला. मग प्लेअर पाच फ्रेम बारा फील्डमध्ये वाटतो: दोन, तीन, दोन, तीन, दोन. हालचालीला बारीकशी लचक येते, पण प्रत्येक फ्रेम शुद्ध राहते आणि डिस्कवरची जागाही वाचते. फक्त नेमका दोन-तीनचा तोच साचा डोळे मिटून वापरलात तर वेग २५ चा २४.९७५ होतो आणि तासाभरात आवाज ३.६ सेकंद पुढे निघून जातो. डीजीपुलडाऊनला २५ ते २९.९७ असं स्पष्ट सांगितलं की ते मध्येमध्ये साचा मोडून हिशेब जुळवतं.

ब्लू-रे केली की सुटलो, असंही नाही. ब्लू-रेतही ५० चा आणि ५९.९४ चा भेद तसाच आहे, आणि अमेरिकेतले बरेच प्लेअर ५० वालं चित्र नाकारतात. त्यात १०८० ओळींचं २५ प्रोग्रेसिव्ह सरळ बसतच नाही, ते ५० इंटरलेस्डच्या वेशात घालावं लागतं. मोबाइलच्या क्लिपा वेगळीच डोकेदुखी: त्यांचा वेग स्थिर नसतो, ३० म्हणतात आणि २८ ते ३१ मध्ये हिंदकळतात. टाइमलाइनवर घेण्याआधी त्यांना ठरावीक वेगाच्या करून घ्या, नाहीतर ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेतात. आणि अमेरिकेतून येणारा मुलगा तिकडचा कॅमेरा घेऊन मांडवात शूटिंग करणार असेल तर त्याला शटर एक शतांश सेकंदावर ठेवायला सांगा. आपल्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळतात. साठाच्या शटरवर अख्खा मांडव धडधडतो, शंभरावर शांत होतो. असं शूटिंग झालं की आत्यासाठी रूपांतर करायची गरजच उरत नाही.

डिस्क बर्न करताना डीव्हीडी-आर घ्या, जुन्या प्लेअरना ती डीव्हीडी+आरपेक्षा जास्त मानवते. वेग आठपटीच्या आसपास ठेवा आणि बर्न झाल्यावर व्हेरिफाय करा. मग घरच्या प्लेअरवर लावून बघा, पण टीव्हीच्या माहितीपट्टीत ४८० आणि ६० हर्ट्झ दिसतंय का तेही बघा. प्लेअरच्या मेनूत ‘पाल’ सक्तीचं केलेलं असेल तर तोच परत रूपांतर करून दाखवेल आणि तुम्ही बघत असाल ते चित्र डिस्कवरचं नसेलच. ‘ऑटो’ किंवा ‘मल्टी’ निवडा. तीन जागा नक्की तपासा: कॅमेरा आडवा फिरतो तो एखादा प्रसंग, अक्षतांचा प्रसंग, आणि बैठकीची शेवटची पाच मिनिटं. तबल्यावर पडणारा हात आणि ऐकू येणारी थाप तिथे एकत्र असली, तर मधलं सगळं जागेवर आहे असं समजा आणि दोन्ही डिस्कच्या दोन-दोन प्रती पाठवा. कुरिअरमध्ये एखादी तडकतेच.